तंबोरा जुळेपर्यंत

पन्नाशी उलटल्यावर मी गाणं शिकायला लागलो. नोकरी वीजखात्यात इंजिनिअरची. घरातली गाण्याची परंपरा म्हणाल तर आजोबांचं भजनी मंडळ, आणि त्यातही आजोबा टाळ धरण्यापुरतेच. त्यामुळे ज्याला त्याला एकच प्रश्न पडायचा, की आता या वयात कशासाठी? शेजारच्या काकांनी तर सरळ विचारलं, “रिटायर झाल्यावर कार्यक्रम करणार की काय?” कार्यक्रम करायचे नव्हते. लहानपणी राहून गेलेली हौस वगैरेही नव्हती. रेडिओवर एखादा ख्याल लागला की हे आपल्याला आवडतंय, पण यातलं कळत काहीच नाही, एवढी एक चुटपुट होती. पुस्तकं वाचली तर ती जाईल असं आधी वाटलं. गेली नाही, म्हणून बाईंकडे गेलो.

बाई सांगलीत, गावभागात, जुन्या घराच्या माडीवर शिकवतात. एके काळी सांगली आकाशवाणीवर गायच्या. त्या किती चांगलं गायच्या हे मला त्यांच्या जुन्या शिष्यांकडून कळलं. त्या स्वतः त्याबद्दल बोलत नाहीत आणि विचारलं तर विषय बदलतात.

पहिल्या दिवशी मी तयारीनिशी गेलो. दहा थाट, म्हणजे रागांचे मूळ गट, पाठ. कोणत्या रागाचा वादी म्हणजे मुख्य स्वर कोणता, त्याच्या खालोखालचा संवादी कोणता, कोणता राग कोणत्या प्रहराचा, सगळं वहीत तक्ता करून लिहिलेलं. वाद्यांच्या शास्त्राबद्दलही थोडं वाचलं होतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली, म्हणजे नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी, तंबोरा आणि वीणेच्या तारांवर निबंध लिहिला होता, हे मी बाईंना भलत्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “छान. आता तंबोऱ्यापाशी बसा,” म्हणाल्या.

बसा म्हणजे नुसतं बसा. गायचं नाही. मधल्या बोटाने पहिली तार, तर्जनीने उरलेल्या तीन. पंचम म्हणजे प, मग षड्जाच्या म्हणजे सा च्या जोडीच्या दोन तारा, मग खर्ज, म्हणजे खालचा सा. तारेला ओरबाडायचं नाही, बोटाचं पेर तिच्यावरून नुसतं फिरवायचं. एक तार विझायच्या आत दुसरी, आणि लय ठेवायची नाही. हे सर्वात अवघड. हाताला आपोआप ठेका सापडतो आणि बाई मान हलवतात. आलेल्या शाळकरी मुली पलटे, म्हणजे स्वरांचे सरावाचे पाठ, म्हणायच्या, मी कोपऱ्यात त्यांना तंबोरा द्यायचो. असे कित्येक आठवडे गेले. फी देऊन तंबोरा वाजवायला येणारा पहिलाच माणूस, असं घरी माझं कौतुक झालं.

मग जुळवणं आलं. तंबोऱ्याला वरच्या टोकाला चार खुंट्या असतात, खाली भोपळ्यावर प्रत्येक तारेत एक मणी. खुंटीने मोठा फरक होतो, मण्याने बारीक. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि खुंटी जाम होते, उन्हाळ्यात ती सटकते. मग खडू लावायचा. हे तांत्रिक सगळं मला आवडलं, कारण ते माझ्या ओळखीच्या जगातलं होतं. अडचण पुढे होती. जोडीच्या दोन तारा एकमेकींशी मिळाल्या की नाही हे मला कळायचं नाही. दोन्ही सारख्याच वाटायच्या. बाई आतल्या खोलीत चहा टाकत असायच्या आणि तिथून म्हणायच्या, “दुसरी उतरली आहे.” मी मणी सरकवायचो. “आता चढली.”

माझ्या धंद्यात यावर उपाय आहे, मोजमाप करायचं. फोनवर सूर दाखवणारं ॲप घेतलं. माझा सूर काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी; षड्ज साधारण १३९ हर्ट्झ. तार छेडली की पडद्यावरचा काटा हलतो, बरोबर आली की हिरवा दिवा. पाच मिनिटांत तंबोरा जुळला. बाईंनी एकदा चारही तारांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “बऱ्यापैकी आहे. पण हे तुम्ही नाही लावलंत.” फोनकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मनातून मला राग आला होता. निकाल बरोबर असेल तर तो कसा काढला याला काय महत्त्व, असं वाटलं. ऑफिसात आम्ही असंच म्हणतो, आणि तिथे ते खरंही असतं.

या वादाचा निकाल गंधाराने, म्हणजे ‘ग’ या स्वराने लावला, आणि तो मला अजून पुरता पचलेला नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

एका दुपारी बाईंनी खर्जाची तार एकटीच छेडली. विचारलं, “यात काय ऐकू येतं?” मी म्हटलं, सा. “अजून?” वरचा सा. “अजून?” बराच वेळ कान लावून मला पंचम सापडला. “अजून?” अजून काही नव्हतं. त्या म्हणाल्या, राहू दे, येईल. पुढे रोज वर्ग सुटताना खर्ज एकदा छेडायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

त्या मला ऐकवू बघत होत्या तो गंधार. स्वयंभू गंधार म्हणतात तो. चारपैकी एकही तार गंधाराला लावलेली नसते, तरी जुळलेल्या तंबोऱ्यातून तो स्पष्ट बोलतो. याचं कारण मला पाठ होतं. तार नुसती अख्खी हलत नाही, ती अर्धी, तिसरा भाग, चौथा, पाचवा अशा तुकड्यांतही हलते. पाचव्या भागाचा स्वर म्हणजे गंधार. तो कुठल्याही तारेत थोडाफार असतो. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, मात्र वरून किंचित गोलसर घासलेली असते आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवलेला असतो, त्यामुळे हे आतले स्वर फुलून वर येतात. रामन यांना कुतूहल वाटलं ते याचंच. साध्या तारेत, जिथे छेडाल तिथे ज्या स्वराचा स्थिर बिंदू असेल तो स्वर उमटत नाही. तंबोऱ्यात तोही उमटतो. हे सगळं मी पहिल्याच दिवशी बाईंना सांगितलं होतं. पण गंधार स्वतः ऐकला नव्हता. तो आहे हे मला ठाऊक होतं, का आहे हेही ठाऊक होतं, आणि कानाला तो नव्हता.

ऐकू आला तेव्हा काही विशेष घडलं नाही. बाई धागा केसभर इकडेतिकडे करत होत्या, आणि एका जागी खर्जाच्या आवाजातून एक गोड, जरा नाकातला वाटावा असा स्वर बाहेर पडला. मी म्हणालो, “हा!” त्या म्हणाल्या, “हं.” आणि धागा परत हलवून तो घालवून टाकला. “आता तुम्ही आणा.”

त्यानंतर एकदा घरी तंबोऱ्याबरोबर मी आकारात ‘ग’ लावत होतो. सवयीने फोन समोर ठेवला होता. ‘ग’ तंबोऱ्यात असा मिसळला, की माझा आवाज कुठे संपतो ते मलाच कळेना. फोनवर लाल. काटा खाली. मी सूर चढवला, दिवा हिरवा झाला आणि तंबोऱ्याशी खटका उडायला लागला. पुन्हा उतरवला, मिसळला, लाल. ॲपची खूणगाठ पेटीची, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग. त्या हिशेबात अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर तंबोऱ्याचा गंधार साधारण चौदा भाग खाली असतो. दोन्ही गणितं बरोबर, फक्त वेगवेगळी. मी ॲप फोनमधून काढून टाकलं नाही, पण जुळवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागलो.

(पेटीशी माझं भांडण नाही. आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत तिला बाहेर ठेवलं होतं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, सूर जागचे हलत नाहीत, असे आक्षेप होते. बाई मात्र मुलींचे पलटे पेटीवरच घोटून घेतात. म्हणतात, चालायला शिकताना भिंत लागते.)

प्रत्यक्ष गाणं सुरू झालं तेव्हा एक वेगळाच पेच आला. बाईंचा आवाज वयानुसार उतरून काळी तीनवर स्थिरावलेला, माझा काळी एक. म्हणजे माझा मध्यम तो त्यांचा षड्ज. त्या गाऊन दाखवणार त्यांच्या पट्टीत, आणि मी तेच माझ्या पट्टीत म्हणायचं. नक्कल करायची सोयच राहिली नाही. त्यांचा आवाज सोडून द्यायचा आणि स्वरांमधलं अंतर तेवढं उचलायचं. पुरुष गुरूकडे गेलो असतो तर सोपं झालं असतं, असं मला काही महिने वाटत होतं. आता वाटत नाही. सोबतचा एक तरुण मुलगा आधी एका गायकाकडे शिकत होता. त्याच्या गाण्यात त्या गायकाची खाकरण्याची लकबसुद्धा आली होती.

सकाळी खर्ज. चहाच्या आधी, मंद्र सप्तकात एकेक स्वर दम संपेपर्यंत. हे अजिबात काव्यात्म नसतं. घसा खरखरतो, आवाज फाटतो, कुकरची शिट्टी होते, खाली दूधवाला थांबून वर बघतो. बायकोने सुरुवातीला खिडक्या लावल्या आणि पुढे तिचं तीही विसरली. वर्षभराने एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “आज ‘नी’ खाली लागतोय तुमचा.” ती कधीच बाईंकडे गेलेली नाही. तिच्या कानावर रोज पडत होतं, तेवढ्यावर तिला कळायला लागलं होतं. मला ते कळायला वर्षभर फी भरावी लागली.

गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक परीक्षा मी दिली, ती बाईंनी फॉर्म भरला म्हणून. केंद्रावर आठ-दहा वर्षांची मुलं, फ्रॉक, परकर-पोलकी, सोबत आया. एकीने विचारलं, “काका, तुमची नात आत गेली का?” माझा नंबर आला तेव्हा परीक्षक जरा सावरून बसले. भूप रागाचा आरोह-अवरोह म्हटला, सरगमगीत म्हटलं. तीनताल हातावर धरताना नवव्या मात्रेची ‘खाली’, म्हणजे टाळीविना मोकळा हात, देऊन तेराव्या मात्रेच्या टाळीला पोचेपर्यंत लय वाढली होती, हे माझं मलाच कळलं. परीक्षकांनाही कळलं, पण ते माझ्यापेक्षा वयाने लहान होते आणि संकोचाने काही बोलले नाहीत. माझ्या आधीच्या मुलीला त्यांनी ताल दोनदा धरायला लावला होता. वय वाढल्याचा हा एक तोटा कुणी सांगत नाही. माणसं तुम्हाला दुरुस्त करायचं टाळतात, आणि तुम्ही त्यालाच मान समजून बसता. बाईंकडे तशी भीती नाही. रागावल्या की ‘अहो’चं ‘अरे’ होतं.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णा गावात शिरली. आम्ही वीजखात्यातले लोक उपकेंद्रांच्या मागे होतो, कुठला पुरवठा बंद करायचा, कुठला सुरू ठेवायचा, रात्रंदिवस तेच. बाईंना शेजाऱ्यांनी नावेतून बाहेर काढलं. निघताना त्यांनी दोन्ही तंबोरे माडीच्या आढ्याला बांधायला लावले. पाणी माडीपर्यंत चढलं नाही, पण खालच्या कपाटात होत्या त्या वह्या गेल्या. चाळीसेक वर्षांच्या बंदिशी. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ काढायला गेलो तेव्हा शाईचा नुसता निळा चिखल हाती आला. मला वाटलं, आता या खचतील. त्या दोन दिवस गप्प होत्या, मग शिष्यांना निरोप गेले: ज्याच्याकडे जे लिहिलेलं असेल ते घेऊन या.

लोक आले. लग्न होऊन इचलकरंजीला, कऱ्हाडला, पुण्याला गेलेल्या बायका जुन्या वह्या घेऊन आल्या. बाई एकेक बंदिश त्यांच्याकडून म्हणवून घ्यायच्या आणि नव्या वहीत लिहायच्या. एकीकडे मुखडा वेगळा, दुसरीकडे अंतऱ्याचा एक शब्द बदललेला. “हे मी असं शिकवलं होतं?” असं त्या आश्चर्याने विचारायच्या, आणि कधी कधी म्हणायच्या, “पण हे बरं दिसतंय.” एक बंदिश कुणाच्याच वहीत नव्हती. ती फक्त एका बाईंना तोंडपाठ होती, त्यांनी गाणं सोडून वीस वर्षं झाली होती, आणि स्वयंपाक करताना त्या तीच गुणगुणायच्या म्हणून टिकली होती. शिकवणाऱ्याने शिकलेल्यांपुढे वही-पेन घेऊन बसायचं, हे त्या माडीवर मी महिनाभर बघितलं. शहाणपण कशाला म्हणावं असं मला कुणी विचारलं तर व्याख्या देता येणार नाही, पण त्या महिन्यातल्या बाई मी दाखवू शकेन.

दमट हवेने एका तंबोऱ्याचा भोपळा आणि दांडी यांच्यामधला जोड सुटला होता. तो घेऊन मी मिरजेला गेलो. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. दीडशेहून जास्त वर्षं तिथे तंबोरे आणि सतारी बनतात. मूळचे हे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले आणि हात वाद्यांकडे वळले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. दांडीला तुणीचं लाकूड. २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, आणि १९३७मध्ये वारल्यावर इथल्याच दर्ग्यात त्यांना दफन केलं. तंबोरा जुळवण्याबद्दल ते फार काटेकोर होते आणि वाद्यं स्वतः दुरुस्त करायचे, असं कारागीर अजून सांगतात, जणू खाँसाहेब परवाच येऊन गेले.

जोड बसला, पॉलिश झालं, मग जवारी, म्हणजे आवाज खुलण्यासाठी घोडी घासणं. कारागिराने घोडी काढली, कानशीने दोन हात मारले, तार चढवली, छेडली, ऐकली, परत उतरवली. पुन्हा दोन हात. दुपार गेली. मी विचारलं, कुठे घासायचं हे कसं ठरवता? म्हणाले, “तार सांगते.” गाता येतं का तुम्हाला? “नाही हो.” पण खर्जात गंधार उमटल्याबरोबर त्यांनी कानस खाली ठेवली, माझ्याकडे न बघता. पलीकडे त्यांचा मुलगा बसला होता, त्याच्या हातात एक टाकाऊ घोडी होती आणि तो ती नुसती घासत होता. किती दिवस घासायची असं विचारल्यावर बाप हसला.

गाणं शिकल्याने मन शांत होतं, असं लोक म्हणतात. माझं काही झालं नाही. विश्रामबागच्या चौकात मी आजही हॉर्नवर हात दाबून धरतो. निवृत्तीच्या वेळी पेन्शनच्या कागदांवरून जो मनस्ताप झाला, त्यावर यमन लागू पडला नाही. बदल झाला तो लहान आहे. पूर्वी पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जायचो, तेव्हा कलाकार स्टेजवर तंबोरे जुळवायला लागला की मी बटाटेवडा खायला उठायचो. हा महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, आणि ते गुरू सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. आता मी जुळवणं ऐकायला बसतो. कोणती तार उतरली आहे ते मनाशी ठरवतो आणि कलाकाराचा हात कुठल्या खुंटीकडे जातो ते बघतो. पुष्कळदा माझं चुकतं. तरी त्या पाच मिनिटांत जो आनंद होतो तो मला नोकरीत बढतीनेही दिला नव्हता, आणि त्यासाठी तिकिटाखेरीज काही लागत नाही.

बाईंचं आयुष्य मी जवळून बघतो. मिळकत बेताची, गुडघे दुखतात, मुलगा परदेशात. मोठ्या मैफली मिळाल्या नाहीत, आणि का मिळाल्या नाहीत याची जी कारणं असतात ती सगळी होती: संसार, सासर, गाव लहान. मी एकदा धीर करून विचारलं, याचं वाईट वाटतं का. त्यांनी उडवाउडवी केली नाही. “वाटतं ना,” म्हणाल्या. “चाळिशीत फार वाटायचं. आता दिवस पुरत नाही.” आणि खरंच पुरत नाही. पहाटे त्यांचा स्वतःचा रियाज, मग मुली, दुपारी रेडिओ, संध्याकाळी आमच्यासारखे उशिरा आलेले. पंच्याहत्तरी ओलांडल्यावरही गेल्या वर्षी त्यांनी एका तरुण तबलेवाल्याला बोलावून झपतालातली एक लय समजून घेतली, कारण ती रेकॉर्डवर ऐकली होती आणि हातात येत नव्हती.

सध्या माझा भूपच चालू आहे. सा रे ग प ध, एवढेच पाच स्वर, मध्यम-निषाद नाहीत. परीक्षेपुरता तो कधीच झाला होता; पण परवा गाताना मी धैवतावर जरा जास्त रेंगाळलो तर बाईंनी थांबवलं. “कुठे गेलात?” तेच पाच स्वर घेऊन धैवतावर वस्ती केली की देशकार होतो, तो सकाळचा; भूपाचं घर गंधारावर, रात्रीच्या पहिल्या प्रहरी. तक्त्यात हा फरक मी पहिल्या दिवशीच लिहून ठेवला होता. गळ्यात अजून नाही.

दिवाळीनंतर देशकार घेऊ, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, भूपच अजून नीट होत नाही.

“माझा तरी कुठे झालाय? देशकार घ्या, म्हणजे भूपात काय चुकतंय ते कळेल,” असं म्हणून त्यांनी पुढच्या मुलीला आत बोलावलं.